घट्ट बसवायची सवय

कुपवाड एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक हेल्पर. काम मुख्यतः पंपांच्या बुशचं आणि स्लीव्हचं, म्हणजे घट्ट बसवायच्या धातूच्या नळ्यांचं. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आलं. आकडा 40च्या जवळ गेला की सांगलीकराचं कामात चित्त लागत नाही. गिऱ्हाईक फिरकलेलं नव्हतं.

अकराच्या सुमारास डिप्लोमाची ती मुलगी भिजतच आली. पिशवीत आठवड्यापूर्वी मीच करून दिलेलं स्टर्लिंग इंजिन.

"काका, फिरतच नाही ओ."

इंजिन तसं साधं. एका बंद नळकांड्याचं खालचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, वरचं गार ठेवायचं. आत एक पोकळ डबी वर-खाली होते, तिला डिस्प्लेसर म्हणतात. ती वर गेली की हवा खाली तापायला जाते, ती खाली आली की हवा वर गार व्हायला येते. त्या फुगण्या-आकसण्यावर शेजारचा छोटा पिस्टन चालतो. पिस्टन म्हणून तिने जनावरांच्या औषधांच्या दुकानातून काचेची सिरिंज आणली होती. काचेत काच, तेलाशिवाय सुळकन सरकते. डिस्प्लेसर आणि पिस्टन चाकाच्या दांड्यावरच्या दोन क्रँकना जोडलेले, आणि त्या क्रँक एकमेकांशी 90 अंशांत. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या पाद्र्याने 1816 साली याचं पेटंट घेतलं आणि 1818 मध्ये असलं इंजिन एका खाणीतलं पाणी उपसायला लावलं होतं, हे तिनेच मला सांगितलेलं. पाणी उपसायचं म्हटल्यावर मला ते आपल्यातलंच वाटलं.

पहिल्यांदा कोन तपासला. बरोबर. सिरिंजच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. मग दिवा विझवून, गार झाल्यावर चाक हाताने फिरवलं, तर ते एका जागी जड जात होतं. सिरिंज काढून ठेवली तरी जड. म्हणजे दोष डिस्प्लेसरमध्ये.

"ड्रॉइंग दाखव बघू."

कागदावर सिलिंडर आतून 42 मिलीमीटर, डिस्प्लेसर 40. चारी बाजूंनी एकेक मिलीमीटर मोकळा. मी केला होता 41.9. कॉलेजच्या पोरांना क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांत फट किती ठेवायची ते, कळत नाही, असं समजून मनानेच सुधारला होता. बावीस वर्षं बुश बसवतोय. एक मिलीमीटर मोकळा जॉब माझ्या हातून निघाला तर मला झोप लागायची नाही.

"काका, तो पिस्टन नाही. त्याच्या कडेनेच हवा जायला पाहिजे. तो कुठं टेकलासुद्धा नाही पाहिजे."

ती हे हळू बोलली. हेल्पर मात्र मान फिरवून हसला, तेही मला दिसलं.

डबीची भिंत दीड मिलीमीटरची, त्यातलं जवळपास एक मिलीमीटर उतरवायचं. लेथच्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, आवळली असती तर पापडासारखी चेपली असती. एक झाकण काढून आत सागवानी ठोकळा तासून बसवला, टूलला नवी धार लावली आणि मिलीमीटरच्या दहा-दहा शतांशाचे कट घेत गेलो. अर्ध्या तासाच्या त्या कामात पावसाचा आवाजही ऐकू आला नाही. वजनही उतरलं, ते आणखी चांगलं.

जोडलं, दिवा लावला, मिनिटभराने तिने चाकाला टिचकी मारली. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. आवाज जवळजवळ नाहीच, फक्त सिरिंजची बारीक टिकटिक. शेजारच्या शेडमधले दोघं छत्री न घेताच बघायला आले.

चार-पाच मिनिटांनी वेग उतरला आणि चाक थांबलं. दिवा तर जळत होता. मी वरच्या टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दोन्ही टोकं तापलेली. मग हवेने गार व्हायचं कुठं?

ड्रॉइंगमध्ये सिलिंडरपुढे लिहिलं होतं, स्टेनलेस, पातळ पाइप. मी ॲल्युमिनियमचा बार पडून होता म्हणून त्यातूनच कोरला होता, तोही तीन मिलीमीटर जाड, दणकट. ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या दहापटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. खालची आग भिंतीतून सरळ वर चढत होती.

ओलं फडकं वरच्या टोकाला गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली आणि टिचकीसरशी चाक पुन्हा पळायला लागलं. फडकं वाळायला लागलं की हेल्पर दारातून पागोळीखाली ओंजळ धरायचा आणि त्यावर शिंपडायचा. तासभर आम्ही हाच खेळ केला.

रेलिंगवाल्याकडून पातळ पाइप आणून सिलिंडर नवा करून देतो म्हटलं. जाताना तिने आजचे किती झाले विचारलं. मी बिलबुक उघडलं, 'डिस्प्लेसर टर्निंग, 2 वेळा' असं लिहिलं, मग 2 खोडून 1 केलं. सिलिंडरची ओळ लिहिलीच नाही.