खरुज्या मूर आणि मेंढ्यांचा हौद

आज दिवसभर न्यूझीलंडमधल्या ग्लेनमार्कविषयी वाचन चाललं होतं. कँटरबरी प्रांतातलं मेंढ्यांचं हे अवाढव्य रान जॉर्ज हेन्री मूरचं. शेजारी त्याला 'खरुज्या मूर' म्हणायचे. दंडावर दंड भरले, पण कळपातली खरूज हटेना. मुद्दामच ठेवली, असंही बोललं जाई: रोगट रानातून दुसऱ्याचे कळप जायला धजत नाहीत. पटण्यासारखं आहे, माणूस हिशेबी होता.

ही खरूज कातडीवर जगणाऱ्या बारीक किड्यांची. मेंढी खांबाला अंग घासते, लोकरीचे पुंजके गळतात, आणि त्यांना चिकटलेले किडे दोनेक आठवडे तग धरतात. त्या काळचा उपाय म्हणजे लोकर कातरल्यावर औषधी हौद: तंबाखूचा काढा आणि गंधक, नाहीतर चुना-गंधक, पाणी गरम. मेंढी मिनिटभर तरी बुडाली पाहिजे. डोकंही क्षणभर दाबायचं, कारण किडे कानात लपतात. अंडी मात्र वाचतात, म्हणून १०-१२ दिवसांनी पुन्हा तेच.

फसायचं कुठे? पाणी गार झालं, किंवा लोकरीने औषध शोषून घेतल्यावर नवं घातलंच नाही. सगळ्यात मोठी अडचण डोंगरात राहून गेलेल्या चार मेंढ्यांची. बिनकुंपणाच्या रानात त्या राहायच्याच. परत कळपात मिसळल्या की सगळी मेहनत पाण्यात.

मूरचा आलिशान वाडा १८९१ मध्ये जळाला. त्याच्याच दलदलीत निघालेली मोआ या नामशेष झालेल्या, उडू न शकणाऱ्या मोठ्या पक्ष्यांची हाडं मात्र टिकली. भूवैज्ञानिक युलियस फॉन हास्टने ती परदेशी संग्रहालयांना देऊन बदल्यात मिळालेल्या वस्तूंनी क्राइस्टचर्चचं संग्रहालय उभं केलं.