फळांचा आइस टी : यंदाच्या उन्हाळ्यातील नोंदी

फळांच्या आइस टीमध्ये यंदा माझा सगळा भर दोन गोष्टींवर होता. पाहुण्यांच्या हाती पेला गेल्यावर तो काचेसारखा नितळ दिसावा, आणि पहिल्या घोटाला फळाची चव लागली तरी घोट घशाखाली उतरताना चहाची जाणीव मागे राहावी. बाजारात मिळणाऱ्या तयार भुकटीत मुख्यतः साखर, सायट्रिक आम्ल आणि थोडासा चहाचा अर्क असतो. त्याच चवीची सवय असलेल्या माणसाला आइस टी म्हणजे लिंबू सरबताचाच एक प्रकार वाटला, तर त्यात नवल नाही. घरी करताना आपण फळ निवडण्यात बराच वेळ घालवतो आणि चहा मात्र डब्यात असेल तो घेतो. माझे मत आता पक्के झाले आहे की आधी चहा बेतावा आणि मग त्याला पेलेल असे आणि तेवढेच फळ त्यात घालावे.

सुरुवात गढूळपणापासून करतो, कारण या छंदातील बहुतेकांचे काम तिथेच अडते. कोरा चहा गरम असताना कितीही स्वच्छ दिसला, तरी तो दाट करून फ्रिजमध्ये ठेवला की काही वेळाने त्यावर दुधाळ झाक येते. चहातील थिआफ्लेविन आणि थिअरुबिजिन ही पॉलिफेनॉल द्रव्ये कॅफीनशी जोडली जातात. हा संयोग गरम पाण्यात विरघळलेला राहतो आणि पाणी थंड होताच बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. चहाची चव पारखणारे लोक याला दोष मानत नाहीत, उलट दमदार आसाम चहाची ती खूण समजतात. अशा चहात थोडे उकळते पाणी घातले की तो पुन्हा निवळतो, मात्र त्याबरोबर तो पातळही होतो. म्हणून गढूळ झालेला चहा सुधारत बसण्यापेक्षा तो गढूळ होणारच नाही अशी पत्ती आणि अशी कृती निवडणे हाच खरा उपाय आहे.

आपल्या घरातील रोजची चहा पावडर सीटीसी पद्धतीची असते. दातेरी रुळांमधून चिरडून आणि वळवून तिचे दाणे केलेले असल्यामुळे ती दोन मिनिटांत सगळा रंग आणि सगळा तुरटपणा सोडते. दूध आणि आले घातलेल्या चहाला हा जोर हवाच असतो, परंतु बर्फावर तोच जोर गढूळ आणि कडवट होतो. यंदा मी निलगिरीच्या डोंगरातील पत्तीचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीने वळलेल्या अखंड पानांचा चहा वापरला. थंड झाल्यावरही नितळ राहण्याबद्दल निलगिरीच्या चहाची ख्याती जुनी आहे आणि अमेरिकेत आइस टीसाठी तो आवर्जून वापरला जातो. आइस टीचा भारतीय चहाशी असलेला संबंध त्याहूनही मागे जातो. 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाच्या प्रचारासाठी गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी कडक उन्हाळ्यात तो बर्फावर ओतून लोकांना पाजला, अशी हकिकत सांगितली जाते. त्यांनी हे पेय शोधून काढले असे मात्र म्हणता येत नाही, कारण थंड चहाच्या कृती अमेरिकेत त्याआधी पंचवीसेक वर्षांपूर्वीच छापल्या गेल्या होत्या. त्यांच्यामुळे त्याचा प्रसार झाला एवढे खरे.

अचानक पाहुणे आले तर गरम चहा थेट बर्फावर ओतण्याची पद्धत सोयीची पडते, आणि तिचे गणित इतके सरळ आहे की एकदा समजले की प्रमाण पाठ करावे लागत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो आणि त्याचे पाणी शून्यापासून 5 अंशांपर्यंत येताना आणखी 5 कॅलरी घेते, म्हणजे एकूण 85. दुसरीकडे 90 अंशांचा एक ग्रॅम चहा 5 अंशांवर येताना नेमक्या 85 कॅलरी सोडतो. याचा अर्थ असा की गरम चहाच्या वजनाइतकाच बर्फ घेतला, तर तो जवळजवळ सगळा वितळतो, चहा पुरेसा गार होतो आणि निम्म्याने पातळ होतो. म्हणून चहा दुप्पट कडक करावा लागतो. माझे सध्याचे प्रमाण अर्धा लिटर पाण्याला 10 ग्रॅम पत्ती असे आहे. पाण्याला उकळी आल्यावर गॅस बंद करून पत्ती घालावी, झाकण ठेवून चार मिनिटे मुरू द्यावी आणि न दाबता गाळून तो चहा 500 ग्रॅम बर्फावर ओतावा. पत्ती चमच्याने दाबण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या शेवटच्या दोन-तीन चमच्यांत सर्वांत जास्त तुरटपणा असतो. बर्फही अंदाजाने न घेता वजनकाट्यावर मोजून घ्यावा. पेल्यात तरंगणारा बर्फ यात धरलेला नाही.

पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार हे ठाऊक असेल, तर मी गॅस पेटवतच नाही. काचेच्या बरणीत एक लिटर गार पाणी आणि 10 ग्रॅम पत्ती घालून बरणी रात्री फ्रिजमध्ये ठेवली की आठ-दहा तासांत चहा तयार होतो. गार पाण्यात तुरट द्रव्ये आणि कॅफीन कमी उतरतात, आणि जे संयोग थंडीत साक्याच्या रूपाने बाहेर पडायचे तेही मुळात पाण्यात फारसे येत नाहीत, त्यामुळे हा चहा दुसऱ्या दिवशीही नितळ राहतो. चव सौम्य, किंचित गोडसर आणि फुलांच्या अंगाची असते. मात्र लिंबू किंवा कैरी यांसारख्या झणझणीत आंबट फळांपुढे हा चहा दबून जातो, त्यामुळे तो लिची, स्ट्रॉबेरी अशा नाजूक फळांसाठीच राखून ठेवावा असे मी सुचवीन. काही जण बरणी उन्हात ठेवून चहा मुरवतात. त्या उन्हात पाणी नुसते कोमट होते, जंतू मरतील इतके तापत नाही, आणि पाहुण्यांना द्यायच्या पेयाबाबत असा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही.

पाण्याबद्दल थोडेसे. बोअरच्या जड पाण्यात चहाचा रंग काळपट होतो आणि वर पातळ तवंग धरतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यामुळे हे घडते. नळाचे मऊ पाणी किंवा गाळणयंत्राचे पाणी वापरले की हा प्रश्न मिटतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात तुरटपणा मारण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, परंतु फळांच्या चहात तो घालू नये. सोडा फळातील आम्ल मारतो आणि लाल फळांचा रंगही बिघडवतो.

आता कैरी, कारण यंदाच्या एप्रिलचा बहुतेक वेळ तिच्यावरच गेला आणि तो सार्थकी लागला असे मला वाटते. पन्ह्यासाठी आपण कैरी उकडतो, पण उकडलेल्या गरात पेक्टिन सुटते आणि चहा दाट व अपारदर्शक होतो. त्याऐवजी कच्ची कैरी साखरेत मुरवून तिचा रस आपोआप सुटू द्यावा. घट्ट, आतून पांढऱ्या आणि आंबट गावठी कैऱ्या घ्याव्यात. तोतापुरीत आंबटपणा कमी असतो. देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवल्या की चीक निघून जातो; तो राहिला तर रसाला उग्र वास येतो. मग साल काढून जाड किसणीने कीस करावा. अर्धा किलो किसाला 350 ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा मीठ लावून तो चार तास फ्रिजमध्ये झाकून ठेवावा. साखर किसातील पाणी ओढून घेते आणि भांड्याच्या तळाशी फिकट हिरवट, पातळ रस जमतो. चाळणीवर मलमलचे फडके पसरून हा रस गाळावा आणि तो आपल्या गतीने ठिबकू द्यावा. फडके पिळले की रस दुप्पट निघतो, पण त्याबरोबर गरही येतो आणि सगळी नितळता जाते. उरलेल्या किसात वेलची घालून मंद आचेवर शिजवले की त्याचा चांगला साखरांबा होतो, त्यामुळे काहीही वाया जात नाही.

हा रस चहात पडतो तो क्षण मुद्दाम पाहण्यासारखा असतो. पेल्यातील चहा गडद तांबूस असतो. चमच्याने रस सोडला की तो जड असल्यामुळे आधी तळाशी जातो, आणि एकदा ढवळताच सगळा चहा तांबूस रंग सोडून मधासारखा सोनेरी होतो. थिअरुबिजिनचा रंग आम्लात फिका पडतो म्हणून असे होते; लिंबानेही हेच घडते. रंग फिका झाला म्हणजे चहा पातळ झाला असे समजून पत्ती वाढवू नये, कारण चवीत तो तितकाच कडक असतो.

प्रमाणाबाबत मला सर्वांत उपयोगी पडला तो माझ्या आत्यांचा अभिप्राय. त्या दुधाच्या चहाशिवाय दुसऱ्या कशाला चहा म्हणत नाहीत. 250 मिलिलिटरच्या पेल्यात 60 मिलिलिटर रस घातलेला चहा पिऊन त्या म्हणाल्या, “पन्हं छान झालंय रे, पण चहा कुठे आहे यात?” त्यानंतर मी रस 40 मिलिलिटरवर आणला आणि पुदिन्याऐवजी गवती चहाची एक पात चुरगळून गरम पाण्यात पत्तीबरोबर टाकली. पुदिना आपल्या वासाने कैरीला झाकतो. गवती चहा मात्र कैरी आणि पत्ती या दोघांना धरून राहतो. पुढच्या खेपेस आत्यांनी दुसरा पेला मागून घेतला, आणि तेव्हापासून हे प्रमाण मी बदललेले नाही.

कोकमाचा अनुभव वेगळा आहे. कोकम स्वतःच आंबट-तुरट असते आणि चहाही तुरट असतो, त्यामुळे गरम पद्धतीच्या कडक चहात ते घातले की जीभ अगदी आखडते. गार पाण्यात मुरवलेला चहा मात्र इथे चांगला जुळतो, आणि नाजूक फळांबद्दल वर जे लिहिले त्याला हा एक अपवाद आहे. मी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरतो, पेल्याला एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर. आगळात भरपूर मीठ असते आणि मिठाने कडवटपणा दबतो, म्हणून वरून मीठ घालू नये; साखरेचा पाक तेवढा घालावा. अमृत कोकम वापरल्यास गोडी आधीच जास्त असते आणि चहाला जागा उरत नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो आणि तो आम्लातच खुलतो. जड पाण्यात तो निळसर-मळकट होतो, हे बोअरच्या आणि नळाच्या पाण्याचे दोन पेले शेजारी ठेवून पाहिले की लगेच पटते.

बाकीच्या फळांबद्दल थोडक्यात लिहितो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम उन्हाळा तापायच्या आतच ओसरत जातो, म्हणून मार्चमध्ये फळे चिरून, साखर लावून, गोठवून ठेवली. रस उत्तम सुटतो, पण रंग लवकर उडतो, त्यामुळे तो आयत्या वेळी घालावा. कलिंगडाच्या रसात आंबटपणा नसल्यासारखाच असतो आणि तो चहात मिसळल्यावर थोड्या वेळाने गर खाली बसतो. त्याचे बर्फाचे खडे करून लिंबू घातलेल्या चहात सोडणे हाच त्याचा मला सापडलेला सर्वांत चांगला उपयोग आहे. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच मिनिटे शिजवून गाळलेले पाणी गरम पद्धतीच्या चहाला शोभते. हापूस मात्र या कामी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा दाट गर चहात नीट मिसळत नाही, तळाशी बसतो, आणि त्याच्या गोड सुगंधापुढे चहाचे काही चालत नाही; असा आंबा पाहुण्यांना फोडी करूनच द्यावा.

पाहुण्यांसाठी करताना साखर शक्यतो चहात आधी घालू नये. घरी येणाऱ्यांत एखाद्याला मधुमेह असतो, एखाद्याला गोड आवडत नाही, आणि गार चहात कोरडी साखर लवकर विरघळत नाही. सम वजनाची साखर आणि पाणी एकत्र तापवून साखर विरघळताच उतरवलेला पाक लहान चंबूत वेगळा ठेवला, की ज्याने त्याने आपल्यापुरता घालून घ्यावा. साखर चालत नसेल त्यांच्यासाठी थोडा कैरीचा कीस नुसते मीठ लावून वेगळा मुरवता येतो. त्याचा रस कमी सुटतो पण अधिक आंबट असतो, त्यामुळे पेल्याला 20 मिलिलिटर पुरतो. लहान मुलांना संध्याकाळी कॅफीन नको असते; त्यांच्यासाठी पत्तीऐवजी गवती चहा आणि आले उकळून तेच पाणी गार करतो आणि त्यात कैरीचा रस घालतो. तयार चहा फ्रिजमध्ये झाकून ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा, आणि रस मिसळलेला चहा तर त्याच दिवशी.

जूनमध्ये जांभळे येतील. त्यांचा तुरटपणा कोकमाहूनही अधिक असल्यामुळे त्यांना काळा चहा बहुधा झेपणार नाही. गार पाण्यात सहा तासच मुरवलेला हिरवा चहा, साखरेत मुरवून न पिळता गाळलेला जांभळाचा रस आणि चिमूटभर मीठ असा बेत सध्या मनात आहे. कोणी जांभळावर आधी काम केले असेल, तर त्यांनी बी काढून रस घेतला की अख्खी फळे मुरवली आणि तुरटपणात त्याने किती फरक पडला, हे जरूर कळवावे.