कलेचा इतिहास शिकून पुढे काय? तुम्ही विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की मला फोन येऊ लागतात. कुणाच्या तरी लेकीने कलेच्या इतिहासात पदवी घ्यायचं डोक्यात घेतलेलं असतं, आणि ओळखीपाळखीत हा विषय घेऊन बसलेली मी एकटीच. प्रश्न ठरलेला असतो, "शिकून फुडें कितें?" आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा, "तुका चित्रां काडपाक येतात?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. बेताचीच येतात. बडोद्याला ड्रॉइंगचे वर्ग केले, पण माझं पास-नापास त्यावर ठरलं नाही. तुमच्या मुलीला हातात ब्रश धरल्याशिवाय चैन पडत नसेल, तर पणजीत आल्तिनोवरचं आपलं गोव्याचं कला महाविद्यालय आहेच. तिथेही कलेचा इतिहास शिकवतात, पण पेंटिंग किंवा उपयोजित कलेच्या पदवीबरोबरचा एक विषय म्हणून. आमच्या पदवीत तोच मुख्य. त्यासाठी गोव्याबाहेर पडावं लागतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० ची, तिथे हा विषय पदवीपासून घेता येतो. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी तिथे करतात काय, ते सांगावं लागेल. बहुतेकांना वाटतं सनावळ्या पाठ करतात. त्या कराव्या लागतात, नाही म्हणत नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र दाखवायचं आणि काळ, शैली, प्रदेश लिहायला लावायचं, ही परीक्षा आम्ही सगळ्यांनी दिली आहे. पण खरं शिक्षण दुसरंच. समोरच्या वस्तूबद्दल मत देण्याआधी ती नुसती पाहायची, जे दिसतं ते लिहायचं, आणि मग प्रत्येक विधानाला पुरावा द्यायचा.

आपल्या दारातलंच उदाहरण घेते. गोव्यातल्या काही जुन्या चर्चांमध्ये प्रवचनाच्या लाकडी मंचाखाली कोरलेल्या बायका दिसतात. वरचं अंग माणसाचं, कमरेखाली वेटोळं. आपण पटकन म्हणतो, "बघा, नागकन्या! हिंदू-ख्रिस्ती संगम!" आणि पुढे जातो. आमच्या बाई तिथे थांबवायच्या. संगम कोणी केला? कारागीर कोण होते? त्यांना काम कोणी दिलं? युरोपातल्या नक्षीतही अर्धं शरीर शेपटीचं असलेल्या आकृत्या असतात, मग ही नागीणच हे कशावरून? एवढे प्रश्न आले की मंच सोडून कागदांकडे जावं लागतं. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून चर्चची कामं करून घेण्यावर बंदी घातली. वरवर वाचलं तर वाटेल, संपला विषय. पण जे घडतच नाही त्यावर बंदी कोण कशाला घालील? बंदीचा तोच कागद सांगतो की हे कारागीर चर्चसाठी काम करत होते. हे एकदा लक्षात आलं की जुन्या गोव्याच्या बाँ जेझू चर्चमधल्या, सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडेही आपण वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. ती १६३६-३७ मध्ये इथल्याच सोनारांनी घडवली. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचा, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, १६९८ साली बसवलेला. एका समाधीत दोन देशांची कारागिरी, मध्ये साठेक वर्षांचं अंतर.

उलट बाजूनेही तेच. मंगेशीला शिखराच्या जागी घुमट आहे आणि समोर मजल्यामजल्यांची अष्टकोनी दीपमाळ. पर्यटकांना गाइड "पोर्तुगीज प्रभाव" म्हणून मोकळा होतो. अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याच्या भागातली, ही देवळं आजच्या रूपात उभी राहिली ती मुख्यतः अठराव्या शतकात आणि त्यानंतर, आणि तो मुलूख तेव्हा बराच काळ पोर्तुगिजांच्या ताब्याबाहेर होता. मग ही रूपं तिथे कोणी नेली आणि यजमानांना ती का आवडली? घुमट दख्खनच्या मुसलमानी इमारतींतूनही आले असतील की. फोंड्यातच १५६० ची साफा मशीद आहे. मला या विषयाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे असं सोपं उत्तर ऐकलं की येणारी अस्वस्थता. लग्नाकार्यात ती फार उपयोगी पडत नाही.

आता पोटापाण्याचं. नुसत्या पदवीवर धड नोकरी मिळणं कठीण, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढे एम.ए. किंवा त्या तोडीचं काही लागतंच. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा. त्यानंतर संग्रहालयं, गॅलऱ्या, लिलावघरांच्या सूची, प्रकाशनं, संग्रहांची नोंदणी अशी कामं असतात. सुरुवातीचा पगार ऐकून इंजिनिअर झालेला चुलतभाऊ हसेल. जुन्या वस्तूंचं जतन-दुरुस्तीचं काम करायचं असेल, तर रसायनशास्त्र सोडू नका म्हणावं. तो रस्ता बराचसा प्रयोगशाळेतून जातो. आणि हो, वस्तूची किंमत सांगणं हे आमचं काम नव्हे. देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा फोटो पाठवून "किती येतील?" विचारणाऱ्यांना मी १९७२ चा पुरावशेष कायदा सांगते. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

माझं मत विचाराल तर या विषयाबरोबर एक भाषा पक्की करावी. गोव्याच्या मुलीने पोर्तुगीज शिकावं, जमलं तर मोडी लिपीही. पणजीच्या पुराभिलेखागारात दोन्हींतले कागद आहेत आणि ते वाचणारे थोडे. इंग्रजीतून दुसऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर किती काळ निबंध लिहायचे? कामाला तोटा नाही. आंजेलो द फोन्सेका, १९०२ ते १९६७, शांतिनिकेतनला शिकून आलेला आपला चित्रकार. त्याने मेरीला साडी नेसवली, ती इथल्या कित्येकांना रुचली नाही, आणि तो पुण्याला जाऊन राहिला. पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेत त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. दहाजणांना विचारा, किती जणांनी तो पाहिला आहे.

मुलीला घ्यायचाच असेल तर पदवीलाच घेऊ दे, असं मी सांगते. नंतर एम.ए.ला येणारी मुलं हुशार असतात, पण त्यांना आधी सिद्धांत दिसतो आणि मग चित्र. अठराव्या वर्षी डोळ्याला लागलेली सवय वेगळी.

फॉर्म भरण्याआधी तिला जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाठवा. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची रांग आहे. १५४७ च्या सुमाराला तेव्हाच्या गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने ती परंपरा सुरू केली, आणि त्यांतली बरीच चित्रं पुढे पुन्हापुन्हा रंगवली गेली. एकच चित्र निवडायचं, तासभर उभं राहायचं, दिसेल ते वहीत लिहायचं. हात कुठे आहेत, कापड कसं रंगवलंय, मागे काय आहे, कुठला भाग नंतरचा वाटतो. मोबाइल तुमच्याकडे ठेवून घ्या. बाहेर आल्यावर ती प्रश्न घेऊन आली तर बडोद्याच्या प्रवेशाची चौकशी करा. ऊन फार होतं एवढंच सांगत आली, तर बी.कॉम. चांगलं आहे. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून जा.