माग काढताना कॅमेरा बंद का?

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आदल्या संध्याकाळी मॅडिसनहून पश्चिमेला जाणारा हायवे 14 नुसता भडक नारिंगी झालेला असतो. पेट्रोल पंपावर, कॉफीच्या रांगेत, किराणा दुकानात, जिथे बघाल तिथे शिकाऱ्यांच्या, दुरून नजरेत भराव्यात अशा नारिंगी टोप्या आणि जाकिटं. राज्यात दरवर्षी साडेपाच लाखांच्या आसपास लोक या हंगामाचा परवाना काढतात. एरवी ओळखीच्या माणसाशीही जपून बोलणारे लोक त्या दिवशी अनोळखी माणसाला 'कुठे बसणार?' असं सहज विचारतात. मला ते फार आवडलं. आपल्याकडे वारीच्या दिवसांत अनोळखी माणसं अशी बोलती होतात.

मॅडिसनमधले माझे शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत. मी त्यांना आजोबा म्हणतो. त्यांचं वडिलोपार्जित शेत वायरोक्वाच्या जवळ, डोंगराळ भागात आहे. हिमयुगात बर्फाचे थर या मुलखाला वळसा घालून गेले, त्यामुळे आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट झाला आणि इथल्या टेकड्या, घळी, ओढे तसेच राहिले. कोल्हापूरकडच्या माणसाचा जीव या सगळ्या मिडवेस्टात कुठे रमत असेल, तर इथेच. आजोबांना मी एकदा म्हटलं होतं की मला शिकार बघायची आहे, करायची नाही. त्यांनी ते लक्षात ठेवलं. माझ्याकडे ना बंदूक, ना परवाना. तरी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर नारिंगी टोपी घातली आणि शेत सोडेपर्यंत काढायची नाही असं बजावलं.

शेतावरचं घर जुनं. लाकडाची शेगडी एकाच खोलीत, बाकी खोल्यांत श्वासाची वाफ दिसते. पण पाहुणचार असा की विचारू नका. गेल्या गेल्या हातात गरम चिलीचा, म्हणजे मांसाच्या तिखट रश्श्याचा वाडगा, आणि झोपायला शेगडीजवळची खाट मला. आजोबा स्वतः थंड खोलीत.

जेवणानंतर त्यांच्या नातवाने टेबलावर आपला संसार मांडला. पोरगा कॉलेजात शिकणारा, वागायला गोड. छोटा अॅक्शन कॅमेरा, मचाणाच्या खिडकीला अडकवायचा लोखंडी हात, केसाळ टोपी घातलेला माइक, जादा बॅटऱ्या. बॅटऱ्या त्याने आतल्या खिशात ठेवल्या, कारण कडाक्याच्या थंडीत त्या बघता बघता उतरतात. कॅमेऱ्याचा लाल दिवा आणि बीप दोन्ही बंद केले. आजोबा हे सगळं बघत होते. मग म्हणाले, "माझे वडील एकच फोटो काढायचे. धान्याच्या कोठाराजवळ, सगळं झाल्यावर."

नातू चिडला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. त्याचे वडील शिकार करत नाहीत. हरणाचं पोट कसं उघडायचं, कातडं कसं सोडवायचं, हे तो आजोबांकडून सुट्टीत थोडं आणि लोकांच्या व्हिडिओंतून बरंच शिकला. कुणीतरी रेकॉर्ड केलं म्हणून आपल्याला कळलं, मग आपण का नाही करायचं?

मी तेव्हा मनातून आजोबांच्या बाजूने होतो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात लहानपणापासून किती वेळा गेलोय. पेंढा भरलेले वाघ, भिंतीवरची मुंडकी, शिकारीचे जुने फोटो. त्या काळच्या कुठल्याही संस्थानातले असे फोटो बघा, मांडणी तीच असते. बंदूक घेतलेला माणूस ताठ उभा आणि पायाशी आडवा जीव. हाका घालणारी माणसं कडेला असली तर असली. जंगल तर दिसतच नाही. दाजीपूरचं रान एकेकाळी राजांचं शिकारीचं रान होतं. आज तिथे गवे बघायला जातात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा व्हिडिओ म्हणजे स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा. त्यामुळे टेबलावरचा तो कॅमेरा बघून मला त्या फोटोंचीच आठवण आली आणि अंगावर शहारा आला.

शनिवारचा बराचसा वेळ काहीच घडलं नाही. लाकडी, चहूबाजूंनी बंद, फळीएवढ्या खिडक्यांचं मचाण. आत आम्ही तिघं, बाहेर बोटभर बर्फ. खारींच्या पळापळीने दर वेळी छातीत धस्स व्हायचं. लांबून गोळ्यांचे आवाज येत होते.

उजेड उतरायला लागला तेव्हा ओकच्या झाडांमधून एक नर खाली आला. अगदी सावकाश, दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. सत्तर-ऐंशी पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. आडवा म्हणजे फुफ्फुसं समोर, याहून चांगली संधी नसते, एवढं मला आदल्या रात्रीच्या गप्पांतून कळलं होतं. नातवाने बंदूक खांद्याला लावली. आणि मग त्याचा डावा हात बंदुकीवरून सुटला. कॅमेरा भलतीकडे रोखलेला होता. तो त्याने हरणाकडे वळवला. फार तर तीन सेकंद. हात परत बंदुकीवर आला तोवर हरणाने एक पाऊल टाकलं होतं आणि अंग तिरपं केलं होतं. तेव्हाच गोळी सुटली.

हरीण झाडीत गेलं. आणि लगेच वाद सुरू झाला. नातू म्हणत होता, त्याने मागचे पाय उडवले. म्हणजे छातीत लागली, पन्नास-शंभर पावलांत पडलेलं सापडेल. आजोबा म्हणत होते, नाही, ते कमरेत वाकलं. मी समोर बसून बघितलं होतं, पण मला शपथेवर सांगता आलं नसतं. स्फोटाचा आवाज, धूर नि धडधड यात डोळ्यांनी काय टिपलं यावर कुणाचाच भरवसा नसतो.

मग नातवाने कॅमेरा काढला. काड्यापेटीएवढ्या पडद्यावर आम्ही तिघांनी डोकी जुळवली. त्याने चित्र अगदी सावकाश चालवलं. बरगड्यांच्या मागे केस उडालेले दिसले. हरणाची पाठ कमानीसारखी वर आली, शेपटी खाली दबली, आणि ते पळालं नाही, तुरुतुरु चालत गेलं. पाय उडवल्याचं कुठेही नव्हतं. आजोबांनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "पोटात."

पोटात लागलेलं हरीण लगेच मरत नाही. त्याच्या मागे धावलं तर ते मैल दोन मैल जातं, आणि कायमचं हातातून जातं. सोडून दिलं तर जवळच कुठेतरी बसतं. म्हणून थांबायचं, तास न् तास थांबायचं. खाली उतरून गोळी लागली ती जागा बघितली. बर्फावर राठ केस, काळपट रक्ताचे थोडे थेंब आणि त्यात हिरवट कण. व्हिडिओने सांगितलं तेच. आजोबा माघारी वळले. त्या कॅमेऱ्याने वेळ खाल्ला नसता तर ही वेळच आली नसती, आणि तो कॅमेरा नसता तर नातू त्याच क्षणी झाडीत घुसला असता आणि ते हरीण कोयोटींच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यांसारख्या जनावरांच्या पोटात गेलं असतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हापासून मी याच विचारात आहे.

रात्री कुणाला जेवण गेलं नाही. शेगडीत लाकूड सरकवायला नातू दर थोड्या वेळाने उठत होता, लाकडाची गरज नसताना.

उजाडल्यावर माग काढायला निघालो. हे मी आयुष्यात विसरणार नाही. आजोबा पुढे, कमरेत वाकलेले, मागाच्या कडेकडेने चालायचे, मागावर पाय पडू द्यायचे नाहीत. शेवटचा थेंब जिथे दिसला तिथे नातवाने उभं राहायचं, पुढचा सापडेपर्यंत हलायचं नाही. थेंब कधी बर्फावर, कधी गवताच्या काडीच्या एकाच बाजूला. आजोबा काडी बोटांनी वळवून दाखवायचे, रक्त कुठल्या उंचीवर घासलंय ते. एका पडलेल्या खोडामागे बर्फ अंगाच्या आकाराने वितळलेला होता, मधोमध तांबूस डाग. हरीण तिथे बसलं होतं आणि उठून गेलं होतं. पुढे तसंच आणखी एक. मग तारांचं कुंपण, पलीकडे दुसऱ्याचं रान. आजोबांनी तिथेच थांबून मालकाला फोन लावला, परवानगी घेतली, मगच तार ओलांडली. विस्कॉन्सिनात जखमी सावजामागे जायलाही जमीनमालकाची परवानगी लागते.

ओढ्याच्या काठाला ते सापडलं. मेलेलं, ताठरलेलं. कोयोटींनी मागच्या मांडीला तोंड लावलं होतं. नातू गुडघ्यांवर बसला, त्याने हातमोजा काढून हरणाच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला. पोट उघडल्यावर आलेला वास सांगण्यासारखा नाही. पुढचे पाय, खांदे आणि पाठीचं मांस वाचलं. मांड्या गेल्या. आजोबांनी दुपारी हरणाची सरकारी नोंद केली. मुंडकं परत येताना तपासणीच्या पेटीत टाकलं, कारण मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग या राज्यात 2002 मध्ये सापडला आणि तेव्हापासून दक्षिणेकडच्या भागात लोक खाण्याआधी तपासून घेतात.

आता माझी तक्रार. माग काढायला निघताना नातवाने कॅमेरा टेबलावर ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "आता काय रेकॉर्ड करायचं?" आणि पुढच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ आला. हरीण येतं, गोळी सुटते, तो क्षण पुन्हा एकदा संथ गतीने, पण हरणाची पाठ वर येण्याआधीच कट. पुढच्या चित्रात भरदिवसा बर्फात नातू शिंगं धरून हसतोय. कोयोटींनी खाल्लेली बाजू खाली दाबलेली. खाली वाजणारं संगीत. अख्खी रात्र गायब. आजोबांचं ते वाकणं गायब, गवताची काडी गायब, कुंपणाशी केलेला फोन गायब. बघणाऱ्याला वाटेल, गोळी मारली की हरीण पडतं.

मला त्याचा राग आला, कारण तो पोरगा असा नाही. मी त्याला ओढ्याकाठी बघितलंय. पण त्याच्यासारखाच एखादा, ज्याला शिकवायला घरात कुणी नाही, हा व्हिडिओ बघून पुढच्या हंगामात तिरप्या हरणावर गोळी झाडेल, आणि मग काय करायचं ते त्याला कुठल्याच व्हिडिओने सांगितलेलं नसेल. अमेरिकेत शिकारीच्या सचोटीची चर्चा नवी नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने 1887 मध्ये शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तेव्हापासून सावजाला निसटायची खरी संधी असली पाहिजे, हा विचार इथे मुरलेला आहे. अॅरिझोनाने तर 2022 पासून शिकारीसाठी झाडांवर लावायच्या कॅमेऱ्यांवरही बंदी घातली. पण स्वतःच्या शिकारीचं काय दाखवायचं आणि काय कापायचं, हे कुठलाही कायदा ठरवू शकत नाही. ते कापणाऱ्याच्या हातात असतं.

माझं मत आता पक्कं आहे. कॅमेरा न्यावा. पण पहाटे एका जागी पक्का बसवावा आणि सावज समोर आल्यावर त्याला हात लावू नये. हरीण चौकटीत आलं नाही तर नाही. गोळीनंतरचं चित्र सगळ्यात आधी बघावं, शाबासकीसाठी नाही, कुठे लागली ते कळायला. आणि माग काढताना तो चालूच ठेवावा.

हे मी नातवाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, चाळीस मिनिटं खाली मान घालून चालणारी माणसं कोण बघणार? मी म्हटलं, मी बघेन. तुझ्या आजोबांनी वयाच्या या टप्प्यावर जे शिकवलं ते आणखी किती हंगाम बघायला मिळणार आहे? तो गप्प झाला. मग म्हणाला, त्यांना विचारतो. आजोबांनी त्याला उत्तर दिलंय की चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि जमीन. पुढच्या नोव्हेंबरात त्यांच्या मागून कॅमेरा धरून चालायचं काम माझ्याकडे आहे.