आमचा वकील, त्यांचा वकील

आमच्या घरात वकिलांच्या दोनच जाती होत्या. आमचा वकील आणि त्यांचा वकील. आमचा हुशार, त्यांचा लबाड. आमचा मुद्द्याचं बोलायचा, त्यांचा नुसती वटवट करायचा. आमच्याने तारीख मागितली तर तो डाव, त्यांच्याने मागितली तर चालढकल. पुढे कधीतरी कळलं की तात्यांच्या घरातही हीच वर्गवारी होती, फक्त माणसं उलटी.

तात्या म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, सख्खे चुलतभाऊ. वाद बांधाचा. तात्यांनी दरसाल नांगरट करताना चार-चार बोटं कोरत दीड फूट पट्टी खाल्ली, असं अण्णांचं म्हणणं. बांध आजोबांच्या काळापासून तिथंच आहे, अण्णांनाच दिसेनासं झालंय, असं तात्यांचं. सरकारी मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी घातलेल्या खुणा रात्रीत उपटल्या गेल्या. कोणी उपटल्या, हा आणखी एक वाद. मग एका मे महिन्यात दोघं बांधावर समोरासमोर उभे राहिले. एकाच्या हातात खोरं, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड, मधे माझी आजी. ती म्हणाली, "मुडद्यांनो, काय करायचं ते कोर्टात जाऊन करा!" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण तिलाही ठाऊक होती. पण समोर शहाणं कुणी नव्हतंच.

वकिलाची निवड एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर झाली. आपल्याकडे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. साबणवाल्याला मुभा आहे, वकिलाला पाटीसुद्धा बेताच्या आकाराचीच लावावी लागते. त्यामुळे त्याची कीर्ती टपरीवरूनच पसरते. आणि ती कशी? "अमक्याला खुनातनं सोडवला, पोरगा धडधडीत गुन्हेगार होता!" हे सांगताना सांगणारा आधी वकिलाच्या नावानं बोटं मोडतो, आणि मग आवाज खाली आणून त्याचाच पत्ता देतो. गुन्हेगाराला सोडवणारा वकील समाजाला कीड असतो. आपल्यावर वेळ आली की आपण नेमका तोच शोधत निघतो.

वकीलपत्रावर अण्णांनी सही केली, तिकिटं चिकटली आणि भांडण साहेबांच्या ताब्यात गेलं. अण्णांनी जे सांगितलं त्यातले निम्मे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. टाइप होऊन आलं तेव्हा त्याचं झालं होतं, "प्रतिवादी यांनी वादी यांचे मालकी वहिवाटीचे मिळकतीत बेकायदेशीररीत्या अतिक्रमण केले आहे." अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दिवसापासून ते घरात तात्यांना 'प्रतिवादी' म्हणू लागले. "प्रतिवादीच्या म्हशीनं आज आपला कडवळ खाल्ला." शिवीपेक्षा हे जड पडायचं, शिवाय आजीसमोरही बोलता यायचं. कुऱ्हाड मात्र पुन्हा बांधावर दिसली नाही.

पहिला धक्का तिसऱ्या की चौथ्या तारखेला बसला. कोर्टाच्या कँटीनमध्ये आमचे वकील आणि त्यांचे वकील एकाच बशीतली भजी खात होते. हसत होते. आमच्यांनी तर त्यांच्यांना शेवटचं भजं दिलं. अण्णांच्या लेखी ही सरळ फितुरी होती. बाहेर आल्यावर त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अण्णा, भांडण तुमचं आहे. माझं त्याच्याशी काय वाकडं? आम्हाला रोज एकाच बाररूममध्ये बसायचंय." अण्णा परतीच्या वाटेवर बोलले नाहीत. आपला वकील आपल्याइतका चिडत नाही, हे पचवणं पक्षकाराला निकाल विरुद्ध जाण्याहून अवघड असतं.

माझी तक्रार वेगळी होती. ती अजूनही आहे. अकरा वर्षांत आम्ही किती तारखा केल्या याचा हिशेब मी एकदा वहीत मांडला आणि अण्णांना कधीच दाखवला नाही. कधी न्यायाधीश रजेवर, कधी बोर्ड (त्या दिवशीच्या दाव्यांची यादी) मोठा, कधी प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज. एकदा खुद्द आमच्याच साहेबांनी मुदत मागितली. कारण साक्षीदार आजारी. साक्षीदार म्हणजे अण्णा. ते धडधाकट दाराशी उभे होते. साहेबांच्या भाचीचं लग्न होतं. तारखेचे पैसे द्यायचे ते दिलेच. तेवढ्या पैशांत ती दीड फुटाची पट्टी दोन वेळा विकत आली असती, वर बांधावर नारळ लावून झाले असते. हे काम वेळेत उरकलं तर फी थांबते, हे गणित साऱ्या धंद्यालाच चिकटलेलं आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून वकिलांची आरती ओवाळणं मला जमणार नाही.

गांधीजींनाही ते जमलं नव्हतं. स्वतः बॅरिस्टर असून 1909 साली त्यांनी लिहून ठेवलं की वकील भांडणं मिटवण्याऐवजी वाढवतात. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेत ज्या खटल्यासाठी ते गेले होते, तो दोन नातलग व्यापाऱ्यांमधलाच होता, आणि त्यांनी तो लवादाकडे नेऊन मिटवला. हरलेल्याला हप्त्यानं पैसे फेडायची सवलतही मिळवून दिली.

पण लांबलेल्या दाव्यांचा विचार आला की मला महाड आठवतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच, 1924 साली केलेला होता. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर सवर्णांनी दिवाणी दावा लावून, तळं खाजगी आहे म्हणत, ऐन तोंडावर तात्पुरता मनाईहुकूम आणला. म्हणजे वकिली कसब वापरून माणसांना पाण्यापासून अडवलं. आणि ज्यांना अडवलं, त्यांचा पुढारी स्वतः बॅरिस्टर. हजारो माणसं जमलेली असताना बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखला आणि तळ्यावर जाणं थांबवलं. मग तारखा. महाडच्या कोर्टात निकाल, त्यावर अपील, त्यावर पुन्हा अपील. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टानं वादींचा दावा शेवटचा फेटाळला. घोटभर पाण्याला जवळजवळ दहा वर्षं. ज्या कागदानं दार लावलं होतं, तसल्याच कागदानं ते उघडलं, आणि यावेळी ते पुन्हा लावायची सोय ठेवली नाही. वकिलांनी समाजाचं भलं केलं की वाटोळं, असं कुणी विचारलं, तर मला दोन्ही बाजूंचे वकील त्या एकाच तळ्याच्या काठावर उभे दिसतात.

आमचा बांध त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. शिवाय आमच्यापैकी कुणी आत नव्हतं. बिहारच्या तुरुंगांत खटला उभाच न राहिल्यामुळे माणसं शिक्षेच्या मुदतीहून जास्त वर्षं खितपत पडली होती. त्यांच्यासाठी 1979 साली पुष्पा कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रातली बातमी वाचून. त्या माणसांना पुढची तारीख म्हणजे आणखी काही महिने गजांआड. बाहेर राहून तारखा मोजणाऱ्यानं फार कुरकुर करू नये. (मी तरी करतोच.)

बाहेर राहिलेल्यांवर मात्र तारीख एक विचित्र परिणाम करते. आमच्या गावाहून तालुक्याला सकाळी आठची एकच एसटी. कोर्टात दहाला हजर राहायचं तर वादी आणि प्रतिवादी दोघांनाही तीच धरावी लागे. अण्णा ड्रायव्हरच्या मागे, तात्या शेवटच्या बाकावर. नऊ वर्षं एक अक्षर नाही. मग एका तारखेला परतताना कंडक्टरकडे सुट्टे नव्हते. अण्णांना आठ रुपये परत द्यायचे होते, तात्यांना बारा. त्यानं वीसची नोट तात्यांच्या हातात कोंबली आणि अण्णांकडे बोट दाखवलं, "दोघांत घ्या." आता वीसची नोट मोडणार कशी? फाट्यावर उतरून चहा घ्यावा लागला. दहा रुपये कप.

पुढच्या तारखेला दोघं बसमध्ये पुढे-मागे बसले, मधे एकच बाक. आमच्या साहेबांनी ते हेरलं असावं. त्यांनी लोकअदालतीचं सुचवलं. तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. अण्णांना फीचा भाग पटला, अपील नसण्याचा तितकासा नाही. "मग मुंबईला जायचंच न्हाई?" अकरा वर्षं तात्या त्यांना हायकोर्टाची धमकी देत आले होते, आणि त्या निमित्तानं समुद्र बघायचं त्यांच्या मनात होतं. आता तर तीही सोय गेली. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसावं म्हणून आमच्या भागातल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, ऑगस्ट 2025 मध्ये ते सुरू झालं, आणि समुद्र कायमचा राहिला.

तडजोडीचा मसुदा कँटीनमध्येच झाला. दोन वकील, एक बशी भजी, एक कागद. बांध मधोमध, नऊ इंच तुमचे, नऊ इंच त्यांचे. यावेळी शेवटचं भजं त्यांच्या वकिलानं आमच्यांना दिलं, हे अण्णांनी मला आवर्जून सांगितलं.

गेल्या दिवाळीत तात्या आमच्या ओट्यावर फराळाला बसले होते. चकली मोडता मोडता म्हणाले, "त्या दिवशीच्या नोटंत तुझे आठच व्हते. चहा दहाचा प्यालास. दोन रुपये अजून तुझ्याकडं हायेत."

अण्णांनी लाडू खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेबांना फोन लाव."