स्प्रिंग ओढायची नसते, भरायची असते

गेल्या थंडीत माझ्या गाडीचं क्लचचं पेडल ब्रेकच्या पेडलापेक्षा दोन बोटं खाली बसायला लागलं. दाबलं की क्लच नीट सुटायचा, गिअरही पडायचे. पाय काढला की पेडल वर यायचं, पण पूर्ण नाही. बुटाच्या टोकानं खालून उचललं की मगच ते ब्रेकच्या बरोबरीला यायचं. महिनाभर मी तसंच उचलत राहिले. मग एका शनिवारी बॉनेट उघडलं.

गाडी म्हणजे एमजीबी रोडस्टर, एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार, १९७३ ची, हळदीसारखी पिवळी. मी राहते इंग्लंडमध्ये, डिडकॉटला. ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना, जिथं ही गाडी तयार झाली, तो इथून अगदी जवळ होता. १९८० साली तो बंद झाला. १९६२ पासून तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. पेडलच्या स्प्रिंगा तर दोन कप कॉफीच्या भावात येतात.

या गाडीत क्लच आणि ब्रेकची पेडलं वरून लोंबतात. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्याचा एक खोका आहे, पेडल बॉक्स. त्याच्या आत एकाच आडव्या बोल्टवर दोन्ही पेडलं झुलतात आणि समोर दोन्ही मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की पिस्टननं ऑइल पुढं ढकलणाऱ्या नळ्या, बसवलेले असतात. प्रत्येक पेडलाला एक स्प्रिंग, एक टोक पेडलच्या दांडीला आणि दुसरं खोक्याला. वरचं झाकण काढून बॅटरीचा उजेड आत मारला, तर क्लचच्या पेडलाला स्प्रिंगच नव्हती. ब्रेकला होती ती दुसऱ्याच कशाची तरी, ताणून ताणून वेटोळी मोकळी झालेली.

ही गाडी माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजमध्ये क्लचचा मास्टर सिलिंडर बदलला होता. त्याचं बिल माझ्या फाइलमध्ये आहे. सिलिंडर बदलताना स्प्रिंग काढावी लागते, आणि ती परत चढवणं हे या कामातलं सगळ्यात किचकट. ज्यानं कुणी ते काम केलं त्यानं ती चढवलीच नाही. मला याचा अजून राग येतो. सिलिंडरच्या आत स्वतःची स्प्रिंग असते, पेडल येतंच की वर, असा विचार त्यानं केला असणार. पण आतली स्प्रिंग पिस्टन मागं आणण्यासाठी असते. पेडलचं वजन उचलणं आणि बोल्टवर पेडल ज्या नळीवर फिरतं त्या पन्नास वर्षांच्या बुशची घट्टाई सोसणं हे तिचं काम नव्हे.

पेडल पूर्ण मागं आलं नाही तर काय होतं? ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पिस्टन पुरता मागं सरकला तरच ते उघडतं आणि ऑइल टाकीत परत जाऊ शकतं. पिस्टन जरा जरी पुढं राहिला तर छिद्र झाकलेलं राहतं. गाडी चालून ऑइल तापतं, फुगतं, त्याला जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप धरायला लागतात. क्लचचं दुखणं वेगळं. पेडल दाबलं की क्लचवर टेकून तो सोडवणारं एमजीबीचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नाही, ग्रॅफाइटचं आहे. दाब राहिला की ते घासत राहतं आणि झिजतं. ते बदलायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं. दोन कॉफीच्या स्प्रिंगेसाठी इंजिन!

नवीन स्प्रिंगा आल्या. आधी पेडलाला सिलिंडरच्या दांडीशी जोडणाऱ्या क्लेव्हिस पिना काढून पाहिल्या. क्लचच्या पिनेवर नख अडकेल एवढी खाच पडली होती, ती बदलली. पेडलमधलं भोक अजून गोल होतं. बुशला ग्रीस लावलं. हे सगळं अर्ध्या तासात झालं.

मग स्प्रिंग. नवी स्प्रिंग म्हणजे वेटोळ्याला वेटोळं चिकटलेलं, दोघांच्या मधून कागद जाणार नाही. पेडलकडचा हुक लावला तर दुसरा हुक जागेपासून बोटभर लांब राहतो. नोज प्लायरनं ओढलं तर प्लायर हुकावरून सटकतो. जागा एवढी अरुंद की हाताला जोर लावताच येत नाही. दुसऱ्यांदा सटकला तेव्हा माझी बोटं खोक्याच्या कडेवर आपटली आणि सालपटं निघाली. तिसऱ्यांदा स्प्रिंग उडून गॅरेजच्या दारावर आदळली. चष्मा होता म्हणून बरं. प्लायरचं टोक ऑइलच्या टाकीला लागलं असतं तर ब्रेक ऑइलनं आजूबाजूचा रंगही गेला असता.

इथं दुपारचे चार वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात साडेनऊ. आबा जेवून बसले असणार. त्यांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवली. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मडगार्डवर टेकवून त्यांना आतलं दाखवलं.

"वडतीस व्हय तिला?" आबा म्हणाले. "स्प्रिंग वडायची नस्ती गं, भरायची अस्ती. वायसर हाईत न्हवं?"

"एवढ्या मापाचे वॉशर नाहीत, आबा."

"मग पैसं घाल की."

त्यांनी सांगितलं तसं केलं. स्प्रिंगेचं एक टोक वाइसच्या शिकंज्यात धरलं आणि स्प्रिंग एका बाजूला वाकवली. वाकवली की बाहेरच्या अंगाची वेटोळी उघडतात. त्या फटीत एक पेनीचं नाणं सरकवलं. मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुढच्या फटीत दुसरं. आलटून पालटून घालायचं, नाहीतर स्प्रिंग केळ्यासारखी वाकडी राहते. पेनी दीड मिलिमीटरहून थोडी जाड असते. चौदा नाणी बसली तेव्हा स्प्रिंग आधीपेक्षा सुमारे २३ मिलिमीटरनं लांब झाली आणि वाइसमधून काढल्यावरही तशीच ताठ राहिली, पोटात नाणी घेऊन. दोन्ही हुक हातानं लागले. पक्कड लागलीच नाही.

नाणी काढायची सोपी. पेडल हातानं दाबलं की स्प्रिंग आणखी ताणते, वेटोळी सैल होतात आणि नाणी टपटप खाली पडतात. तो आवाज आबांनीही ऐकला. "आता मोज," म्हणाले.

क्लचची चौदा निघाली. ब्रेकच्या वेळी तेराच. पायाखालचं रबर उचललं, सीट मागं घेतली, लोहचुंबक फिरवलं. १९९२ पासूनच्या पेन्या तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात, चुंबकाला पटकन चिकटतात. चौदावी काही चिकटली नाही. जुनी असेल, ब्राँझची, असं वाटलं आणि पोटात गोळा आला. ती पेडल आणि खोक्याच्या मध्ये अडकली आणि ऐन वेळी ब्रेक दाबलाच गेला नाही तर? पाऊण तास शोधलं. शेवटी पर्समधला छोटा आरसा खोक्यात धरला तेव्हा आतल्या काठावर उभी राहिलेली दिसली. १९७९ ची होती. वाकवलेल्या तारेनं ढकलून पाडली.

मग पुढची चाकं उचलून ब्रेक दाबला, सोडला, चाक हातानं फिरवलं. मोकळं फिरलं. दोन्ही पेडलं एका ओळीत आली होती. पाय उचलला की क्लच वर येऊन खोक्याला टेकल्याचा बारीक टक् आवाज येत होता. तो मी आठ-दहा वेळा तरी ऐकला.

रात्री आबांचा मेसेज आला, बोलून पाठवलेला. "हुकाचं त्वांड वर हाय का खाली? दांडीवर वरनं टांगल्यागत पायजे, त्वांड खाली. वर आसलं तर धक्क्यानं निसटंल." बॅटरी घेऊन गॅरेजमध्ये गेले. क्लचचं खाली होतं. ब्रेकचं वर.

रविवारी सकाळी पुन्हा वाइस, पुन्हा चौदा नाणी. या वेळी प्रत्येक नाणं आधी चुंबकाला लावून बघितलं.