आईच्या हाताच्या टप्प्यात : घरातल्या फेरफारांची नोंद, आठवडे १ ते ९

पहिल्या रविवारी एकही स्क्रू पिळला नाही. मेजरटेप, खडू आणि आई, एवढंच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालते, म्हणजे उभी असताना एक हात कायम वॉकरवर. तिला कपाटासमोर उभं केलं आणि मोकळा हात ताण न देता जिथवर जातो तिथे भिंतीवर रेघ मारली : १२८० मिमी. खुर्चीत बसून ११५० मिमी. खाली न वाकता हात पोचतो तो ६२० मिमीपर्यंत. अमेरिकेच्या २०१० सालच्या, अपंगांसाठीच्या सुलभता मानकांत, समोर अडथळा नसेल तर, जमिनीपासून ३८० ते १२२० मिमी हा हात पोचण्याचा पट्टा धरलाय. आकडा उपयोगाचा आहे, पण मला भिंतीवरच्या तीन रेघाच जास्त उपयोगी पडल्या. तुम्ही कुणासाठी असं काम करणार असाल तर आधी त्या माणसाच्या रेघा मारून घ्या.

मग कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. कुठलीही वस्तू काढून द्यायला आईने हाक मारली की जागेचं नाव लिहून एक खूण करायची. तीन दिवसांत २३ खुणा झाल्या. त्यातल्या १४ दोनच ठिकाणच्या : कपडयांच्या कपाटाचा वरचा भाग आणि ओट्याखालच्या कप्प्यांची मागची बाजू. मला वाटत होतं घरात जागा कमी पडतेय. तसं नव्हतंच. खडूच्या रेघांच्या मधल्या, सगळ्यात सोयीच्या पट्ट्यात जुन्या फायली, फुलदाण्या आणि वर्षात एकदा लागणाऱ्या चादरी बसल्या होत्या, आणि रोजच्या वस्तू वर नाहीतर खाली. मागितल्याशिवाय मिळत नाही ती वस्तू घरात असून नसल्यासारखीच, हे मला त्या कागदामुळे कळलं. कामाचा क्रमही त्या कागदानेच ठरवला.

आठवडे २ ते ४ : ओट्याखालचे ड्रॉवर

हे काम सगळ्यात लांबलं, म्हणून सविस्तर लिहितो. कप्पे ५६० मिमी खोल आणि आत स्थिर फळ्या. मागचा डबा काढायचा तर आधी पुढचे चार बाहेर, आणि तेही ओणवं होऊन. फळ्या काढून टाकल्या आणि पूर्ण बाहेर येणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलवर (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ड्रॉवर बसवायचे ठरवले. अर्ध्यावर थांबणारे चॅनल घेऊ नका, मागचा तिसरा हिस्सा पुन्हा अंधारातच राहतो.

या चॅनलना दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचं खोकं आतल्या मापापेक्षा साधारण २५ ते २६ मिमी अरुंद हवं. मी आतलं माप फक्त तोंडाशी घेतलं. पहिला ड्रॉवर छान सरकला आणि शेवटच्या दहा सेंटिमीटरला अडकला. दोन संध्याकाळी चॅनल खालीवर करण्यात गेल्या. शेवटी गुण्या लावून पाहिलं तेव्हा दिसलं की जुन्या कपाटाची एक बाजू आत झुकलीये आणि मागची रुंदी तोंडापेक्षा ३ मिमीने कमी आहे. खोकं पुन्हा खोललं, सगळ्यात अरुंद मापाला कापलं आणि पुढच्या बाजूला चॅनलमागे लॅमिनेटच्या १ मिमीच्या पट्ट्या एकावर एक लावल्या. त्यानंतरचे तीन ड्रॉवर करताना पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन मापं घेतली, खोक्याचे दोन्ही कर्ण सारखे आहेत ना ते पाहिलं, मगच स्क्रू मारले. तिन्ही पहिल्याच फटक्यात बसले.

चॅनलच्या बाबतीत आणखी एक. सॉफ्ट-क्लोजचा, म्हणजे शेवटी आपोआप हळूच बंद होणाऱ्या चॅनलचा, सध्या सगळीकडे आग्रह असतो. एक जोडी लावून पाहिली. बंद होताना सुरेख, पण उघडताना पहिल्या ओढीला आतली स्प्रिंग ताणावी लागते आणि तेवढा जोर आईच्या ताठरलेल्या बोटांत नाही. साध्या चॅनलवर परत आलो. दाबून उघडणारे, हँडल नसलेले लॅचही नाकारले, वॉकर जरा घासला की ड्रॉवर बाहेर येतो आणि नडगीला लागतो. गोल मुठींच्या जागी डी आकाराची हँडल लावली, चार बोटं आत जातील एवढी मोठी. आता आई मूठ न वळवता, बोटं नुसती अडकवून ड्रॉवर ओढते.

ड्रॉवरच्या वर एक सरकती फळी केली, बसून काम करण्यासाठी. फळीचा वरचा पृष्ठभाग ७२० मिमीवर, फळी १८ मिमीची, म्हणजे खाली ७०२ मिमी मोकळे. गुडघ्यांसाठी ६८५ मिमी लागतात, तेवढे सुटले. बसून काम करण्याची कल्पना काही नवी नाही. वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात खिडकीखाली बसून काम करायची जागा होती आणि कोरड्या जिन्नसांसाठी नाव घातलेले, मुठीचे अॅल्युमिनियमचे खण होते. त्या खणांचे फोटो पाहूनच मी प्रत्येक डब्याच्या झाकणाऐवजी पुढच्या अंगाला मोठ्या अक्षरात नावं चिकटवली.

आठवडा ५ : कपड्यांचं कपाट

कपड्यांचा दांडा १७५० वरून ११५० मिमीवर आणला. वर मोकळ्या झालेल्या जागेत वर्षाकाठी लागणारं सामान. मधली फळी एक मीटर लांब, १८ मिमी प्लायची, आणि मध्यभागी चांगलीच लवलेली. जाड फळी टाकण्याऐवजी मध्ये उभं पार्टिशन दिलं. आधारांमधलं अंतर निम्मं केलं की तेवढ्याच वजनाखाली फळी आठव्या हिश्शानेच लवते, त्यामुळे एका १८ मिमीच्या उभ्या तुकड्यात काम झालं. आत दार उघडल्यावर लागणारी एलईडी पट्टीही टाकली. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. "गडद निळं आणि काळं आता वेगळं दिसतंय," असं आई पहिल्याच दिवशी म्हणाली.

आठवडे ६ ते ८ : न्हाणीघर आणि उंबरठा

दाराचं फळकट ७६० मिमीचं, पण ९० अंशात उघडल्यावर मधून मोकळी जागा ७१५. वॉकर ६१० मिमी रुंद, तो जातो, पण हाताची बोटं चौकटीला घासतात. चौकट न फोडता दार बाजूला काढणाऱ्या ऑफसेट बिजागऱ्या बसवल्या, दाराच्या जाडीएवढी म्हणजे ३५ मिमी जागा मिळाली. चाकाच्या खुर्चीला ८१५ मिमी लागतात, तेवढे झाले नाहीत. तशी वेळ आली तर चौकट फोडावी लागेल, हे आईशी बोलून ठेवलंय. याच कामात दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगानेच अडतं. बाकी काहीच करायला जमलं नाही तरी एवढं जरूर करा.

आधाराचे दांडे ८६० मिमी उंचीवर. जाडी ३५ मिमी, भिंतीपासून अंतर ३८ मिमी. हे अंतर जास्त ठेवू नये, तोल गेल्यावर हात कोपरापर्यंत आत सरकून अडकू शकतो. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवला, टाइलचं बिट हळू फिरवलं आणि पक्की भिंत लागल्यावरच हॅमर चालू केला. नेहमीची प्लास्टिकची गिट्टी इथे वापरली नाही, धातूचे अँकर वापरले. दांड्याने किमान ११३ किलो पेलायला हवं. मी दोन्ही पाय उचलून लटकलो, वर खाली झटके दिले, प्लेट हलली नाही. शेजारचा टॉवेलचा दांडा काढून तिथेही आधाराचाच दांडा लावला. पाय घसरताना समोर दिसेल ते माणूस धरतं आणि टॉवेलचा नाजूक दांडा भिंतीतून उपटून येतो.

खोलीच्या दाराशी २५ मिमीचा उंबरठा होता. १ ला १२ असा उतार धरला की ३०० मिमी लांबीची पाचर लागते. सागाच्या तुकड्याला रंध्याने तिरका उतार दिला, पुढची धार ३ मिमी जाड ठेवली, कारण त्याहून पातळ केली तेव्हा पहिली पाचर टोकाला फुटली. वर खरखरीत टेप, तीही लाकडाहून वेगळ्या रंगाची, म्हणजे उतार कुठे सुरू होतो ते लांबून दिसतं. दुपारी मी आतल्या खोलीत होतो, तर वॉकर उचलून ठेवल्याचा तो ठक ठक आवाज न होता आई दारात येऊन उभी होती.

आठवडा ९

तोच कागद पुन्हा लावला, तेवढेच तीन दिवस. खुणा ६. त्यातल्या चार माळ्याच्या. तिथे खाली येणारी फळी बसवता येईल का, याची मापं मी घेऊन ठेवली होती, पण आईने थांबवलं. माळ्यावरचं काय खाली आणायचं आणि काय देऊन टाकायचं ते आधी ती ठरवणार आहे. पेट्या मी उतरवून तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवतो. आतापर्यंत दोन झाल्या, सात बाकी.